बॅटरीवरचं गवत कटर: नागपूरच्या कंपाउंडला कितपत पुरतं

नागपूरच्या ले-आउटमध्ये ३० बाय ५० च्या प्लॉटवर घर उभं राहिलं की मागेपुढे मिळून चार-पाचशे चौरस फूट मोकळी जागा उरते. तेवढ्या जागेला बॅटरीवरचं गवत कटर पुरतं, आणि नीट पुरतं. शेजारचा रिकामा प्लॉट मात्र या हिशेबात धरू नका. पोळ्यापर्यंत तिथे कमरेएवढा तरोटा आणि गाजर गवत माजलेलं असतं आणि त्याचे दांडे लाकडासारखे कडक झालेले असतात. ते काम पेट्रोलच्या ब्रश कटरचं. वर्षातून एकदाच करायचं असेल तर मशीनसकट माणूस बोलावलेला बरा. बॅटरीचं मशीन दर दहा-बारा दिवसांनी फिरवायचं असतं. ते घेऊन दोन महिने कोपऱ्यात ठेवायचं आणि मग एकदम जंगलात उतरवायचं, तर नाव मशीनचं खराब होणार.

आता डब्यावरचे आकडे. ऑनलाइन दोन-तीन हजारांत मिळणाऱ्या बिननावाच्या सेटवर ३६, ४८, कधी ८८ असा आकडा मोठ्या अक्षरात असतो आणि त्याला चिकटून ‘व्हीएफ’. हा व्होल्टचा आकडा नव्हेच. आतमध्ये बहुतेकदा पाचच लिथियम सेल असतात. एका सेलचं कामाचं व्होल्टेज ३.६, पूर्ण भरल्यावर ४.२. पाच सेल ओळीने जोडले की १८, आणि चार्जरवरून काढल्या काढल्या २१. म्हणून ‘१८ व्होल्ट’, ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘२१ व्होल्ट’ ही एकाच बॅटरीची तीन नावं आहेत. खऱ्या ३६ व्होल्टला दहा सेल लागतात आणि तेवढी बॅटरी दोन-तीन हजारांच्या सेटमध्ये बसत नाही. घरी मल्टिमीटर असेल तर भरलेल्या बॅटरीच्या टोकांना लावून बघा. ‘४८’वाली बॅटरी २० ते २१ दाखवेल.

एएचचा (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीत किती वीज मावते त्याचा) आकडा तपासायला तर स्वयंपाकघरातला वजनकाटाही चालतो. नेहमीच्या १८६५० आकाराच्या सेलचं वजन ४५ ग्रॅमच्या आसपास असतं. पाच सेलची २ एएचची बॅटरी खोक्यासकट साडेतीनशे-चारशे ग्रॅम भरते, दहा सेलची ४ एएचची सहाशेच्या वर. ‘४ एएच’ म्हणून दिलेली बॅटरी ३५० ग्रॅम भरली तर तिच्यात ४ एएच नाही, मग स्टिकर कितीही चकचकीत असो.

किती वेळ चालेल हा प्रश्न दुकानदाराला विचारायची गरज नाही. व्होल्ट गुणिले एएच केलं की वॅट-तास निघतात. १८ गुणिले २ म्हणजे ३६, १८ गुणिले ४ म्हणजे ७२. गवतात चाललेलं १८ व्होल्टचं कटर अडीचशे वॅटच्या आसपास खातं, दाट गवतात त्याहून जास्त. म्हणजे २ एएचला आठ-नऊ मिनिटं आणि ४ एएचला सतरा-अठरा. जाहिरातीतली ‘४५ मिनिटं’ बहुधा हवेत मोकळं फिरवून मोजलेली असतात. कामाचा वेग असा धरा: कापायची रुंदी २६ सेंटिमीटर असली तरी ओळीवर ओळ चढवावी लागते, त्यामुळे हाती २० लागतात. सावकाश चालत मिनिटाला ३५ ते ४० चौरस फूट होतं. चारशे-पाचशे चौरस फुटांच्या हरळीला ४ एएचची एक बॅटरी पुरते, २ एएचच्या दोन घ्याव्या लागतात. ४ एएचच्या चार्जला विजेच्या एका युनिटचा दहावा हिस्साही लागत नाही, तेव्हा बिलाची काळजी सोडा. चार्जरचे अँपिअर मात्र बघा. २ अँपिअरचा चार्जर ४ एएचची बॅटरी सव्वादोन-अडीच तासांत भरतो. स्वस्त सेटसोबत मोबाइलसारखा जो पिनवाला अडॅप्टर येतो, त्यावर बहुतेकदा १ अँपिअर किंवा त्याहून कमी लिहिलेलं असतं, म्हणजे तीच बॅटरी भरायला अर्धा दिवस.

ब्रँड निवडताना कटरकडे कमी आणि बॅटरीच्या कुटुंबाकडे जास्त बघावं. घरात ज्या कंपनीचं ड्रिल आहे त्याच कुटुंबातलं कटर नुसत्या बॉडीच्या किमतीत घेणं सगळ्यात स्वस्त पडतं. यात एक फसगत नेहमी होते. बॉशची हिरव्या रंगाची घरगुती अवजारं आणि निळी प्रोफेशनल अवजारं, दोन्ही १८ व्होल्टचीच, पण हिरव्याची बॅटरी निळ्यात बसत नाही, निळ्याची हिरव्यात बसत नाही. मकिताचंही तसंच, १८ व्होल्टचं कुटुंब वेगळं आणि ४० व्होल्टचं वेगळं. बॉशचं हिरवं १८ व्होल्टचं कटर २६ सेंटिमीटरचं आहे आणि १.६ मिलिमीटरच्या गरगर फिरणाऱ्या नायलॉन दोरीने कापतं. हरळी, केना, घोळ, कोवळा तरोटा यांना ते भरपूर झालं. मकिताचं डीयूआर १८१ तेवढ्याच रुंदीचं, पण दोरी २ मिलिमीटरची, त्यामुळे जरा जाड हिरव्या दांड्यावरही ते सहसा अडत नाही. कोपऱ्याचा मोठा प्लॉट असेल, हजार-दीड हजार चौरस फूट गवत असेल, तर खऱ्या ३६ व्होल्टच्या वर्गात जा. श्टीलची घरगुती एके मालिका या वर्गातली. त्याखाली घेऊन दोन-तीन बॅटऱ्या अदलाबदल करत बसण्यात अर्थ नाही.

बिननावाचा सेट अगदीच टाकाऊ आहे का? नाही. दोनशे चौरस फुटांची हरळी आणि फरशीच्या कडा एवढंच काम असेल तर प्लास्टिकच्या पात्यांवर तो दोन पावसाळे काढून देतो. त्यातली लोखंडी पाती आणि दात असलेली चकती मात्र डब्यातच राहू द्या. या मशीनचं गार्ड तळहाताएवढं असतं आणि नळी हलकी. आपल्याकडे कंपाउंडमध्ये मुरूम आणि गिट्टी पसरलेली असते. चकतीचा दात गिट्टीवर आदळला की मशीन झटक्यात बाजूला फेकलं जातं, आणि बाजूला म्हणजे बहुतेकदा पायाकडे. तुटलेला दात कुठे जातो ते दिसतसुद्धा नाही.

नायलॉनच्या दोरीत खरी खुबी आहे. जाड दोरी लावली की जास्त कापेल असं वाटतं आणि लोक १.६ च्या मशीनला पेट्रोल कटरची २.४ ची दोरी भरतात. होतं उलटं. जाड दोरीला हवेचाच अडथळा जास्त, त्यात तिचं वजन. मोटारचे फेरे पडतात, दोरी कापायच्या ऐवजी गवत झोडपते, मोटार तापते आणि सतरा मिनिटांची बॅटरी दहा मिनिटांत संपते. पुस्तिकेत लिहिलेलीच जाडी घ्या. दुसरी गोष्ट नागपूरच्या हवेची. नायलॉन हवेतला ओलावा धरून लवचिक राहतं. मार्च ते मे इथली हवा इतकी कोरडी होते की गेल्या वर्षीचं रीळ जूनमध्ये काडीसारखं मोडतं. हेडपाशीच (रीळ बसतं त्या फिरत्या टोकापाशी) पटापट तुटायला लागलं तर रीळ काढून एक रात्र साध्या पाण्यात बुडवून ठेवा. सकाळी पुसून भरा, फरक लगेच कळतो.

रीळ भरताना दोरी बाणाच्या दिशेने, वेढ्याला वेढा लावून, ताणून गुंडाळायची. कडेपर्यंत ठासून भरायचं नाही, दोन-तीन मिलिमीटर कड मोकळी ठेवायची. टोक दहा-बारा सेंटिमीटर बाहेर. सैल किंवा एकावर एक चढवून भरलेली दोरी हेड जमिनीवर आपटूनही पुढे सरकत नाही. आतले वेढे एकमेकांना वितळून चिकटले असतील तरी तेच होतं. भिंतीला किंवा कुंपणाच्या जाळीला दोरी घासत काम केलं की ती तापते आणि रिळातच डाग दिल्यासारखी जुळते. तेवढा तुकडा कापून टाकावा लागतो, ओढून काही उपयोग नाही. गार्डच्या आतल्या बाजूला एक छोटं पातं असतं, ते दोरी मापात कापतं. बसवताना अडचण होते म्हणून काही जण ते काढूनच टाकतात. मग दोरी लांब सुटते आणि बाकी सगळं बिघडण्याची सुरुवात तिथून होते.

गवतागवतात फरक आहे, आणि तो मशीन विकणारा सांगत नाही. हरळी कापली की आणखी दाट येते, ती तर हवीच असते. लव्हाळ्याला कापण्याचा काही फरक पडत नाही, त्याच्या गाठी जमिनीत असतात आणि आठवडाभरात तो पुन्हा वर दिसतो. तो खुरप्याने गाठीसकट काढा. तरोटा शेंगा धरायच्या आत एकदा बुडाशी कापला तर पुरे. गाजर गवताचं तंत्र वेगळं. ते कटरने वरून उडवलं की बुडातून चार फांद्या फुटतात आणि आता ते वीतभर उंचीवरच फुलतं, म्हणजे पुढच्या वेळी कटरच्या टप्प्याखाली. एका झाडाची बी हजारांत मोजावी लागते. उगवल्यापासून महिना-सव्वा महिन्यात ते फुलावर येतं, म्हणून पहिल्या चांगल्या पावसानंतर तीन-चार आठवड्यांत, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा आणि मगच कटर काढा. फुलावर आलेल्या गाजर गवतात कटर घालणं म्हणजे परागकण आणि रस स्वतःच्या अंगावर फवारून घेणं. खाज, पुरळ, काहींना दमा. कापावंच लागलं तर पूर्ण बाह्या, चष्मा, मास्क, आणि कपडे लगेच धुवायला. पानांवर काळ्या पट्ट्यांचे पांढुरके भुंगेरे दिसले तर ते झाड राहू द्या. हा मेक्सिकन भुंगा याच तणासाठी १९८०च्या दशकात भारतात आणला गेला आणि पावसाळ्यात तो फुकटात काम करतो.

कापण्याची वेळ: दवाचं किंवा पावसाचं पाणी गवतावर असताना नको. आपली काळी माती ओली असली की गवताबरोबर उडून गार्डखाली थापली जाते, दहा मिनिटांत तिथे पोळीएवढा थर बसतो आणि दोरीला फिरायला जागाच उरत नाही. दोन-तीन तास ऊन पडल्यावर सुरू करा. गवत गुडघ्याएवढं असेल तर एकदम बुडाशी जाऊ नका. वरचा थर, मधला थर, मग बूड, असं उतरत या. एकदम बुडाशी घातलं तर लांब पातं हेडच्या दांड्याला सुतासारखं गुंडाळतं. आवाज जड झाला की थांबा, बॅटरी काढा, आणि मगच हात घाला. बॅटरी लावलेली असताना हेड साफ करणं हा या मशीनबाबतचा सगळ्यात मोठा अपघात आहे, कारण पेट्रोलच्या मशीनसारखं हे आवाज करत नाही आणि बंद आहे की तयार आहे हे कळत नाही.

दोरीच्या टोकाने कापायचं, बुडाने नव्हे. हेड दोरीची लांबी सोडून पुढे रेटलं की मोटार कण्हते आणि काम अर्ध्यावर येतं. नवं मशीन आधी फरशीवर पडलेल्या पाल्यावर फिरवून बघा की कचरा कोणत्या बाजूला उडतो. ती बाजू नेहमी भिंतीकडे ठेवायची, पायाकडे किंवा उभ्या गाडीकडे नाही. मुरुमाच्या कडेला कापायचं असेल तर उभी गाडी हलवल्याशिवाय सुरूच करू नये, काच जाते. पोरं आणि कुत्री पंधरा मीटर लांब. पावसाळ्यात दाट गवतात आधी काठी आपटत एक फेरी मारा, गमबूट घाला. घोणस आवाजाने पळत नाही, जागीच बसून राहते.

लहान झाडांची हानी सर्वांत जास्त आणि लक्षात यायला सर्वांत उशीर. संत्रा, पेरू, आंब्याच्या दोन-तीन वर्षांच्या रोपाच्या बुडाला दोरी दोन-चार वेळा लागली की सालीचं कडं निघतं. तेव्हा काही दिसत नाही, झाड वाळतं ते दिवाळीनंतर, आणि दोष उधईला जातो. बुडाभोवती वीतभर जागा हाताने निंदून पालापाचोळ्याने झाका, किंवा पीव्हीसी पाइपचा वीतभर तुकडा उभा चिरून बुंध्याला कॉलरसारखा घाला. ठिबकची नळी, कूलरच्या पंपाची वायर आणि इंटरनेटची केबल या तिन्ही गोष्टी गवतात दिसत नाहीत आणि तिन्ही एका क्षणात कापल्या जातात.

आता उन्हाळा, कारण नागपुरात बॅटरी मरते ती कामाने नाही, ठेवण्याने. बहुतेक पुस्तिकांत चार्जिंगची वरची मर्यादा ४० ते ४५ अंश दिलेली असते. मे महिन्यात इथे पारा ४५ च्या पुढे जाणं नवीन नाही, आणि गच्चीवरच्या टिनाच्या खोलीत किंवा बंद गाडीच्या डिकीत त्याहून कितीतरी जास्त तापतं. चांगल्या कंपनीचा चार्जर तापलेली बॅटरी लावली की दिवा लुकलुकवतो आणि भरायला नकार देतो. लोक तो बिघाड समजून दुकानात नेतात. बिघाड नाही, तो शहाणपणा आहे. पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवा आणि मग लावा. कूलरच्या झोतात मात्र नको, ओल जाते. स्वस्त सेटच्या अडॅप्टरला तापमान कळतच नाही, तो भरतच राहतो. तो दुपारी लावूच नका, रात्री झोपायच्या आधी लावून, भरली की काढून, मग झोपा. रात्रभर तर मुळीच नाही.

गवताचं काम कोजागिरीच्या सुमारास संपतं आणि मशीन थेट मृग लागल्यावर आठवतं. म्हणजे बॅटरी आठ महिने पडून, त्यात नवतपा (मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस). या आठ महिन्यांत तिचे दोन शत्रू आहेत. एक, पूर्ण भरून ठेवणं: भरलेला सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो, पुढच्या वर्षी सतराऐवजी बारा मिनिटं मिळतात. दोन, रिकामी ठेवणं: आतला सर्किट बोर्ड थोडा थोडा करंट खात राहतो, सेल अडीच व्होल्टखाली गेला की चार्जर त्या बॅटरीला ओळखतच नाही. म्हणून ठेवताना निम्मी भरा (चार दिवे असतील तर दोन), मशीनमधून काढा, आणि घरातल्या सगळ्यात थंड आतल्या खोलीत ठेवा. जिन्याखालचं लोखंडी कपाट पश्चिमेच्या भिंतीला असेल तर ते नको. फ्रिजही नको, बाहेर काढल्यावर आत दव धरतं. संक्रांतीला आणि पुन्हा पाडव्याला दिवे बघा, एकच उरला असेल तर अर्धा तास भरा.

तरी बॅटरी गेलीच तर आधी मल्टिमीटर लावा. १८ व्होल्टचा पॅक १३-१४ दाखवत असेल तर एखादाच सेल बसलेला असू शकतो, आणि तसं असेल तर सेल बदलून पॅक उठतो. दुरुस्तीवाल्याला एकच प्रश्न विचारा: स्पॉट वेल्डिंगचं मशीन आहे का? सोल्डरिंग गनने सेलला थेट टाका मारणारा असेल तर उठून या, त्या उष्णतेने नवा सेलही निम्मा मरतो. फुगलेली किंवा गोड, थिनरसारखा वास येणारी बॅटरी दुरुस्तीला नाही, ई-कचऱ्यात. घंटागाडीत टाकू नका, गाडीत दाबली गेली की पेट घेते.

सोबतच्या अवजारांबद्दल थोडक्यात. मेंदी आणि दुरांटाच्या कुंपणाला बॅटरीचं हेज ट्रिमर उत्तम, पैसे वसूल. ५० सेंटिमीटरचं पातं आणि दातांत १५ मिलिमीटरचं अंतर बघून घ्या, काम झाल्यावर चीक रॉकेलच्या फडक्याने पुसून दोन थेंब मशीन तेल. बोगनवेलीच्या जुन्या फांदीत ते अडकतं, तिथे करवत. चार-सहा इंचांची छोटी चेन-सॉ हल्ली खूप विकली जाते. तिच्यातल्या बऱ्याच मशीनना स्वतःचा तेलपंप नसतो, म्हणजे दर दोन-तीन मिनिटांनी साखळीवर तेलाचे थेंब हाताने सोडावे लागतात. नाही सोडले तर पट्टीची खाच निळी पडते आणि साखळी सैल होऊन उतरते. मनगटाएवढ्या फांदीपर्यंत ठीक. पूर्ण झाड तोडायचं असेल तर मशीन असलं म्हणून परवानगी मिळत नाही, १९७५च्या वृक्ष कायद्याखाली मनपाच्या उद्यान विभागाकडे अर्ज लागतो. ब्लोअर घेऊ नका. कडुनिंबाची पानगळ झाली की मोह होतो, पण १८ व्होल्टचा ब्लोअर बॅटरी काही मिनिटांत गिळतो आणि धूळ शेजाऱ्याच्या वाळवणावर नेऊन टाकतो. खराटा त्याहून बरा.

आणि ज्यांच्या घरी वावरातला फवारणी पंप आहे त्यांनी एक लक्षात ठेवावं. त्या १६ लिटरच्या पंपात बहुतेकदा १२ व्होल्ट, ८ एएचची शिशाची बॅटरी असते आणि तिचा नियम याच्या बरोबर उलटा. ती पूर्ण भरूनच ठेवायची आणि महिन्यातून एकदा चार्जरला लावायची, निम्मी ठेवली तर प्लेटा पांढऱ्या पडून बसते. दोन्ही बॅटऱ्या एकाच फळीवर असतील तर कटरच्या बॅटरीवर ‘अर्धी’ आणि पंपावर ‘पूर्ण’ अशी चिकटपट्टी लावून ठेवा, आणि दोन्हींचे चार्जर वेगळ्या खिळ्यांना टांगा.